पूर्णेच्या काठचं मीठ

वऱ्हाडातल्या मूर्तिजापूरहून मुंबईचा समुद्र रेल्वेच्या रुळांनी सुमारे ६२० किलोमीटर. गाव समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास उंच. आमच्या घरातल्या बहुतेक म्हाताऱ्या माणसांनी जन्मात समुद्र पाहिला नाही. पण त्यांच्या तोंडून ज्या गोष्टी ऐकत मी वाढलो, त्यांतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट फिरून फिरून समुद्राशीच जायची. पाण्याची गोष्ट असो, कापसाची असो की छोट्या लाईनीच्या गाडीची. त्या गोष्टींतलं खरं किती आणि ऐकीव किती, हे पुढे वाचत गेलो तसं थोडंथोडं उलगडलं. तेच इथे सांगतो.

सगळ्यांत जुनी गोष्ट आजीची. तिचं माहेर पूर्णा नदीच्या पलीकडचं, दर्यापूर तालुक्यातलं. ती सांगायची, "अठी पयले समुद्र होता. तो हटला, पाणी गेलं अन् खार राह्यला." हे तिला तिच्या आजीनं सांगितलेलं. पुरावा मागायची सोय नव्हती, कारण पुरावा गावच्या विहिरीतच होता. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, आणि चहात दूध टाकलं की ते फाटायचं. पिण्याचं पाणी नदीच्या वाळूत झिरा खोदून आणायचं. पहाटे गेलं तर गोड, ऊन चढलं की झिऱ्यावर बायांची रांग. आजीच्या सगळ्या लहानपणात घागरीचं वजन आहे. लग्न होऊन मूर्तिजापुरात आल्यावर तिला सगळ्यांत मोठं सुख कशाचं वाटलं, तर पूर्णेपासून लांब आल्याचं. ज्या नदीला ती पूर्णामाय म्हणून हात जोडायची, तिच्याच काठचं पाणी पिऊ नये, असं ती सुनांना बजावायची. खारपाणात पोरगी देऊ नये, हा तर आमच्याकडचा कितीतरी घरांतला अलिखित नियम होता. आजही सोयरीक जुळवताना गावाच्या पाण्याची चौकशी होते.

या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांनी तो पसरला आहे, साधारण ४,७०० चौरस किलोमीटर. नऊशेच्या आसपास गावं त्यात येतात. उत्तरेला गाविलगडाचे, म्हणजे सातपुड्याचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेचा उंचवटा, आणि मधली ही सखल, सपाट, काळी जमीन. जुन्या कागदांत तिला पयानघाट म्हटलं आहे. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी चार हात खणलं की काळा पाषाण लागतो. इथे तो फार खोल गेला आहे आणि त्याच्यावर नद्यानाल्यांनी आणून टाकलेला गाळ शेकडो मीटर जाड आहे. या गाळाच्या पोटात जे पाणी आहे, ते खारं. भूगर्भाच्या अभ्यासकांचा कल असा की यासाठी समुद्र यायची गरज नव्हती. खोलगट खोरं, पाण्याचा निचरा कमी, कोरड्या हवेचे मोठमोठे काळ. पाणी आटत गेलं आणि क्षार गाळात साचत गेले. सातपुड्याच्या पायथ्याला, परतवाडा-अंजनगावकडे, पाणी गोड आहे आणि संत्र्याच्या बागा आहेत. तिथून दक्षिणेला पूर्णेकडे उतरत आलं की काही कोसांत पाण्याची चव पालटते आणि बागा संपतात.

आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग त्या सायबाले म्हणा, दोन घोट पिऊन पाय." तिच्या हिशेबात खार खरा होता, आणि तो कुठून आला याचा निवाडा ती पिणाऱ्यावर सोडत होती.

या खाऱ्या पाण्यातून माणसांनी मीठही काढलं. पूर्णेच्या काठच्या काही गावांत खास मिठाच्या खोल विहिरी होत्या. त्यांचं पाणी उपसून, उन्हात आटवून मीठ करायचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. बाकीचं मीठ समुद्रावरून यायचं, बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, बैलांच्या पाठीवर. घाटाखालून मीठ वर यायचं आणि धान्य, कापूस खाली जायचा. इंग्रजी अमलात मिठावर सरकारचा हक्क बसला आणि गावची मिठाची विहीर बंद पडली. पाणी तेच, ऊन तेच, पण त्या पाण्यातून मीठ काढलं तर गुन्हा.

म्हणून १९३० साली दांडीची बातमी वऱ्हाडात आली तेव्हा समुद्र नसण्याची अडचण कोणाला पडली नाही. त्या एप्रिलात अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला, पूर्णेकडच्या खाऱ्या पट्ट्यात, सत्याग्रही जमले आणि खाऱ्या विहिरीचं पाणी आटवून त्यांनी मीठ केलं. गुजरातेत लोक समुद्राकाठी गेले, कोकणातले शिरोड्याला गेले, आमची माणसं विहिरीवर गेली. आजोबा तेव्हा कापसाच्या जिनात नुकते लागले होते. ते दहीहंड्याला गेले नव्हते. पण तिकडून आलेल्या कोणीतरी कागदाच्या पुडीत थोडं मीठ आणलं होतं आणि जिनाच्या फाटकाशी ते चिमूटचिमूट वाटलं गेलं. मातकट रंगाचं, जिभेला कडवट. आजोबा ते मीठ खाल्ल्याचं सांगताना नेहमी उभे राहून सांगायचे. बसून सांगितलेलं मला आठवत नाही. पुढे जुलैत बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला आणि वऱ्हाडाची चळवळ रानाकडे वळली. विदर्भाच्या इतिहासात जंगल सत्याग्रहाला मोठी जागा मिळाली आणि ती रास्त आहे. दहीहंड्याच्या विहिरीला मात्र तिच्या योग्यतेची जागा मिळाली नाही, असं मला ठामपणे वाटतं.

राजेरजवाड्यांच्या गोष्टी आमच्या घरात कमी होत्या. गावाचं नाव अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहावरून आलं असं सांगतात. त्यानं १५७४ च्या सुमारास वऱ्हाडची इमादशाही बुडवून हा मुलूख निजामशाहीला जोडला. वीस-बावीस वर्षांतच वऱ्हाड मोगलांकडे गेलं. मग निजाम, नागपूरकर भोसले, दोघांचा दुहेरी वसूल, आणि १८५३ साली निजामानं कर्जापोटी हा प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. शेतकऱ्याच्या दृष्टीनं यांत दरवेळी वसूल घेणारा बदलला. १९०५ साली मूर्तिजापूर तालुका अमरावती जिल्ह्यातून काढून अकोल्याला जोडला गेला. अमरावतीकडच्या सोयरिकी, तिकडचा बाजार, तिकडची बोली तशीच राहिली आणि कचेरी तेवढी अकोल्याला गेली. आमच्याकडचा माणूस आजही लग्नाचा बस्ता काढायला अमरावतीला जातो आणि सातबाऱ्याच्या भांडणाला अकोल्याला.

गाव खरं घडवलं ते कापसानं आणि रेल्वेनं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण झाली. त्याच्या आधी आमचा कापूस बैलांवर लादून मिर्झापूरला गंगेकाठी जायचा, नाहीतर घाट उतरून मुंबईला. महिनोन्‌महिने वाट, पाऊस लागला की माल भिजून खराब. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लाईन भुसावळवरून वऱ्हाड ओलांडत १८६७ साली नागपूरला पोचली आणि ती मूर्तिजापूरवरून गेली. तेव्हापासून गावाचे दोन भाग झाले: जुनी वस्ती आणि स्टेशन विभाग. जुन्या वस्तीत देवळं, मशिदी, वाडे. स्टेशनाकडे जिन, प्रेस, अडते, दलाल, धर्मशाळा. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला अमरावतीच्या नावावरून 'ऊमराज' म्हणत. ज्या माणसांनी तो पिकवला, त्यांच्या कानावर ते नाव कधी आलं नाही.

आजोबा जिनात काट्यावर होते. दिवाळीनंतर बंड्या यायला लागायच्या. रात्रभर चालून पहाटे फाटकाशी लागायच्या, बैल सोडलेले, गाडीवान गोधडीत. सकाळी हर्रास, मग काटा. कापूस आत गेला की रेच्यांवर बाया बसलेल्या असत. त्या रेच्यात कापूस घालत, एकीकडे रुई निघे, दुसरीकडे सरकी. हवेत इतका तंतू उडायचा की संध्याकाळी बाया बाहेर पडत तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. त्यांना मजुरी गड्यापेक्षा कमी मिळायची आणि खोकला जास्त. आजोबा हे दर वेळी सांगत, आणि सांगितल्यावर थोडा वेळ गप्प राहत. रुई प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी बांधल्या जात, तरटात गुंडाळून लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या, आणि मालधक्क्यावर रचल्या जात.

"आपला कापूस इलायतले जाते," हे आजोबांचं ठरलेलं वाक्य. मँचेस्टरचा उल्लेख त्यांच्याकडे देवस्थानासारखा यायचा. आजही मूर्तिजापुराबद्दल कुठे काही छापून आलं की त्यात हेच असतं: वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला नेण्यासाठी इंग्रजांनी रेल्वे टाकली. अमेरिकेच्या यादवीच्या काळापुरतं ते खरं होतं. नंतरचं चित्र वेगळं आहे. वऱ्हाडच्या कापसाचा धागा आखूड. लांब धाग्याची सवय असलेल्या लँकेशायरच्या यंत्रांना तो फारसा मानवत नसे. अमेरिकेचा कापूस परत बाजारात आल्यावर त्यांनी आमच्याकडे पाठ फिरवली. विसाव्या शतकात, म्हणजे आजोबांच्या हयातीत, आमच्या गाठी मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांत जात होत्या, आणि समुद्रापलीकडे जपानला आणि युरोपातल्या इतर देशांना. आजोबांनी ज्या गाठींवर खुणा केल्या, त्यांतल्या कितीतरी गाठी परळ-लालबागच्या गिरण्यांत सुटल्या असतील, आणि त्या गिरण्यांत कोकणातून आलेले कामगार होते. वऱ्हाडचा शेतकरी आणि कोकणचा गिरणी कामगार एकाच धाग्याच्या दोन टोकांना उभे होते. ही गोष्ट मला मँचेस्टरपेक्षा मोठी वाटते आणि ती आमच्याकडे कोणी सांगितली नाही.

आता छोट्या लाईनीबद्दल. मूर्तिजापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला शकुंतलाच आठवते. किलिक निक्सन या कंपनीनं १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि मूर्तिजापूरहून दोन बाजूंना अरुंद रूळ गेले: दक्षिणेला कारंजा, दारव्हा करत यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर, आणि उत्तरेला दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरपर्यंत ७६ किलोमीटर. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. आतल्या गावांचा कापूस या गाडीनं मूर्तिजापूरला आणायचा आणि इथे मोठ्या लाईनीवर चढवायचा, हा तिचा मूळ उद्योग. माणसं नंतर बसायला लागली. नाव लोकांनी ठेवलं, शकुंतला, आणि ते सगळ्या वऱ्हाडानं उचललं.

शेजारी राहणारे रेल्वेतले मामा या गाडीवर फायरमन होते. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे आणि आवाज मोठा, कारण इंजिनाजवळ हळू बोलून भागत नाही. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं झेडी जातीचं वाफेचं इंजिन १९२३ पासून या लाईनीवर धावत होतं, ते थेट एप्रिल १९९४ पर्यंत. म्हणजे मँचेस्टरचा आणि आमचा संबंध आजोबा सांगत तसा कापसातून पुढे फारसा राहिला नव्हता, पण लोखंडातून तो सत्तर वर्षं चालू होता. मामा त्या इंजिनाबद्दल घरातल्या म्हाताऱ्या बैलाबद्दल बोलावं तसं बोलत. कुठल्या चढाला ते धापा टाकतं, कुठल्या वळणावर शिट्टी द्यावी लागते, पाणी कुठलं भरायचं. पाण्यावर त्यांचा विशेष कटाक्ष होता. "खारं पानी बॉयलरले चालत नाही. माणसाले चालते म्हनतात, इंजिनाले नाही." बॉयलरात खाऱ्या पाण्याचा थर धरतो, नळ्या खराब होतात, म्हणून इंजिनाला गोडं पाणी जपून दिलं जाई. ज्या टापूत लोक खारं पाणी पीत होते, त्याच टापूतून गोडं पाणी प्यालेलं इंजिन जात होतं. मामांनी हे सहज सांगितलं. मला ते विसरता आलेलं नाही.

गाडीचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. अचलपूरला जायला चार तास, यवतमाळला त्याहून बरेच जास्त. उत्तरेकडे लाखपुरी, बनोसा, कापूसतळणी, अंजनगाव, पथ्रोट. दक्षिणेकडे कारंजा, दारव्हा, लाडखेड. शेवटच्या काळात माणसं इतकी कमी होती की गाडी थांबवून तिच्यातलाच माणूस उतरायचा, फाटक लावायचा, गाडी पुढे काढली की फाटक उघडून परत चढायचा. तिकीटही गार्डच द्यायचा. एसटीच्या निम्म्याहून कमी भाड्यात माणूस दवाखान्यात, बाजारात, माहेरी जायचा. भाजीच्या टोपल्या, कोंबड्या, शाळेची पोरं. श्रीमंत माणूस तिच्यात बसायचं काही कारण नव्हतं. म्हणूनच ती बंद पडू दिली गेली, असं माझं स्पष्ट मत आहे. १९५१ साली देशातल्या रेल्वेचं एकत्रीकरण झालं, पण या लाईनीची मालकी कंपनीकडेच राहिली. गाड्या मध्य रेल्वे चालवायची आणि कंपनीशी दर दहा वर्षांनी करार व्हायचा. रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची. मग दुरुस्तीचा खर्च कोण करणार? २०१६ मध्ये रुंदीकरणाची घोषणा झाली. गाड्या बंद झाल्या आणि रुळांवर गवत वाढलं. यवतमाळला आता वर्ध्याहून नांदेडकडे जाणारा नवा मार्ग येतो आहे. अंजनगाव, दर्यापूर यांच्यासाठी मात्र मूर्तिजापूरचा अरुंद रूळ हाच रेल्वेचा रस्ता होता.

यवतमाळच्या बाजूला जाणारी ही लाईन भूगोलाच्या दृष्टीनं फार सुंदर आहे. मूर्तिजापुरात कमळगंगा, जवळच उमा, पश्चिमेला काटेपूर्णा. या सगळ्या नद्या उत्तरेला वाहत पूर्णेला मिळतात. पूर्णा सातपुड्यात भैसदेहीजवळ उगम पावते, वऱ्हाडात उतरून पश्चिमेला वळते, चांगदेवजवळ तापीत जाते, आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्रात. मात्र गाडी दक्षिणेला चढत कारंजाच्या पुढे गेली की पाण्याचा रोख बदलतो. तिथली अडाण नदी पैनगंगेला मिळते, ते पाणी वर्धेत, पुढे गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. कारंजाच्या माळावर एकाच सरीतले दोन थेंब दोन समुद्रांना जातात. मामा हे नकाशावरून शिकलेले नव्हते. "कारंज्याच्या पुढं नाले उलटे वायतात," एवढंच ते म्हणत. त्यांनी चढ-उतार कोळशाच्या हिशेबानं ओळखले होते आणि त्यांचा हिशेब बरोबर होता.

कारंजा आमच्या म्हाताऱ्यांच्या गोष्टींतलं श्रीमंत गाव. दत्तसंप्रदायातल्या नृसिंह सरस्वतींचं ते जन्मस्थान, जैनांची मोठी पीठं तिथे, आणि त्यांच्या भांडारांत अपभ्रंशातल्या कितीतरी हस्तलिखित पोथ्या सापडल्या. तिथल्या कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट आत्याकडून ऐकलेली. कस्तुरी विकणारे व्यापारी तांडा घेऊन आले, इथे एवढा माल घेणारा कोण, असं म्हणाले; तेव्हा कारंज्याच्या एका धनिकानं सगळा माल विकत घेऊन बांधत असलेल्या घराच्या चुन्यात मिसळून टाकला. पावसाळ्यात त्या भिंतींना अजून वास येतो, असं आत्या सांगायची. वासाचं मी सांगू शकत नाही. पण १६७० च्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या फौजेनं मोगलांच्या मुलुखातल्या कारंज्यावर छापा घातला आणि अफाट संपत्ती नेली, ही इतिहासात नोंदलेली गोष्ट आहे. गावातला सगळ्यांत मोठा सावकार बायकांचे कपडे घालून निसटला, असं तेव्हाच्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या पत्रव्यवहारात आहे. सुरतेच्या बंदरावरच्या वखारीतला माणूस कारंज्याची बातमी लिहून ठेवतो, यातून एवढं तरी कळतं की शकुंतलेच्या आधी अडीचशे वर्षं हा मुलूख समुद्राशी बांधलेला होता.

आणि गाडगेबाबा. मूर्तिजापूर तालुक्यातलं दापुरे हे त्यांच्या मामाचं गाव. २३ फेब्रुवारी १८७६ ला अंजनगावकडच्या शेणगावात जन्म. वडील झिंगराजी दारूपायी लवकर गेले आणि आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन भावाकडे आली. पूर्णेच्या खोऱ्यात डेबूनं गुरं राखली, नांगर धरला, मामाच्या शेतात राबराब राबला. मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. कापसाच्या तेजीची ही दुसरी बाजू: रेल्वे आली, भाव आला, त्याबरोबर कर्ज आलं, आणि अंगठा उठवणाऱ्याचं रान गेलं. सावकार ताबा घ्यायला आला तेव्हा डेबू नांगर सोडून बाजूला झाला नाही, ही गोष्ट आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. १९०५ साली ते घर सोडून निघाले. १९०८ मध्ये ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला, १९२५ मध्ये मूर्तिजापुरात गोरक्षणाचं काम उभं केलं, धर्मशाळा आणि विद्यालय बांधलं. आजीनं त्यांचं कीर्तन इथेच ऐकलं होतं. "बाबा पयले झाडू देत, मंग देव." ती त्या दिवसापासून अंगण झाडल्याशिवाय चूल पेटवत नसे. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी, ते गेले. पेढीही पूर्णेलाच मिळते. गावोगाव फिरलेल्या माणसाचा जन्म आणि मृत्यू एकाच नदीच्या खोऱ्यात झाला. गो. नी. दांडेकर परतवाड्याचे; बाबांच्या सहवासात राहिलेले. त्यांची 'पूर्णामायची लेकरं' ही कादंबरी याच मातीतली, आणि ज्यांना या खोऱ्याची बोली ऐकायची आहे त्यांनी ती वाचावीच.

बाबांनी जे सांगितलं त्यात पाणी आणि स्वच्छता सगळ्यांत वर होती. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. आज मूर्तिजापूरला आणि आजूबाजूच्या खेड्यांना पाणी येतं ते महानच्या काटेपूर्णा धरणातून. खांबोऱ्याची ६४ खेड्यांची योजना, तिकडे अकोट-तेल्हाऱ्याची ८४ खेड्यांची, अशा नळयोजनांवर हा पट्टा तगून आहे. नळ चार-आठ दिवस आला नाही की माणसं पुन्हा त्याच विहिरीकडे, हातपंपाकडे वळतात. या गावांत मूत्रपिंडाच्या आजाराचे रुग्ण किती आहेत हे तिथल्या कोणत्याही घरात विचारून पाहावं. प्रत्येक घरात सांगण्यासारखं एक नाव असतं. शेतीचंही तेच. बोअरचं पाणी पिकाला दिलं तर काही वर्षांत काळी जमीन घट्ट होऊन बसते, म्हणून शेतकरी पावसावर अवलंबून. मूग, उडीद, तूर, कापूस, आणि ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत हरभरा. पावसाचं पाणी शेततळ्यात साठवून एक-दोन ओलितं दिली तर इथेही पीक दुणावतं, हे अनेक शेतकऱ्यांनी करून दाखवलं आहे. कमी आहे ती तळ्यांची संख्या आणि नळाची शाश्वती. पूर्णा खोऱ्यातल्या माणसाला पिण्यासाठी गोडं पाणी मिळणं, हा त्याचा हक्क आहे. इंजिनाला ते शंभर वर्षांपूर्वी मिळत होतं.

आजोबा गेले, रेल्वेतले मामा गेले, आजीही गेली. काही जिनांची जागा प्लॉट पाडून विकली गेली. त्या काळातल्या वजनाच्या वह्या, हर्रासाच्या चोपड्या, गाठींच्या खुणांची पानं, छोट्या लाईनीची जाड पुठ्ठ्याची तिकिटं, फायरमनचे पास, दहीहंड्याच्या सत्याग्रहातल्या माणसांची पत्रं अजून कितीतरी घरांच्या माळ्यावर आहेत. मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर इथल्या वाचकांना माझी विनंती आहे: दिवाळीची झाडलोट करताना ती रद्दीवाल्याला देऊ नका. गावातल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नेऊन द्या, आणि देताना कोणाच्या हातची आहेत ते मागे लिहून द्या. घरात नव्वदीचं माणूस असेल तर त्याच्याशेजारी फोन ठेवून त्याला आधी पाण्याबद्दल विचारा. बाकीचं तो आपोआप सांगेल.